मिसळणाचा डबा

"शून्य," मी म्हटलं.

"परत टाक."

"तीनदा टाकलं, कोष्ट्या. शून्यच येतंय."

"तालुका निवडू नकोस, नुसता जिल्हा निवड. रक्तगटाच्या यादीत पार खाली जा. बॉम्बे."

"तेच निवडलंय. 'आपल्या शोधाशी जुळणारा एकही रक्तदाता आढळला नाही.' वाक्य तुझंच आहे, ओळखीचं वाटतंय ना?"

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर त्याने जागच्या जागी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी फोनमधून नुसता त्याचा श्वास ऐकू आला, आणि मागे कुणीतरी औषधांची नावं ओरडून सांगत होतं. माझी मलाच लाज वाटली. ह्या पोरीच्या जिभेला हाड नाही असं आई लहानपणापासून म्हणत आली होती, त्याचा प्रत्यय यायला ही वेळ यायला नको होती.

"मी येतो ऑफिसला," तो म्हणाला. "इथं बसून माझ्याच्यानं काही होत नाही."

दिगंबर कोष्टी आणि मी पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. तिथल्या सवयीने तो मला आडनावाने हाक मारायचा, मगदूम, आणि मी त्याला कोष्ट्या. पुढे दोघेही मिरजेत उपाध्ये सरांच्या ऑफिसात लागलो. लहानसहान वेबसाइट बनवून द्यायच्या, हे आमचं काम. खाली तंतुवाद्यांचं दुकान आणि वर आम्ही. दिवसभर खालून कुणीतरी तंबोऱ्याची तार पिळत बसलेलं असायचं, ती सुरात आली की आम्हाला सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच तो दुसरी घ्यायचा.

रेणुका ही दिगंबरची बायको. बालवाडीत शिकवायची. वर्षभर तिच्या अंगावरून जात होतं आणि "परीक्षा होऊ देत, दिवाळी होऊ देत" असं म्हणत ती ढकलत आली होती. बालवाडीत कसली आलीय परीक्षा, पण बायकांना दुखणं पुढे ढकलायला कुठलंही कारण पुरतं. शेवटी ऑपरेशन ठरलं. दवाखान्याने तिच्यासाठी ओ पॉझिटिव्हच्या बाटल्या काढून ठेवल्या, कारण तिच्या सगळ्या कागदांवर ओ पॉझिटिव्हच लिहिलेलं होतं. आदल्या दिवसापासून रक्तस्राव वाढला, आणि त्या सकाळी बाटल्या जुळवून पाहिल्या तर एकही जुळेना. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि वेगळी तपासणी केली. तिचा गट ओ नव्हताच. साध्या तपासणीत ओसारखा दिसणारा, पण ओसुद्धा न चालणारा तो दुर्मीळ गट होता. पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून त्याला साऱ्या जगात बॉम्बे म्हणतात.

दिगंबर जिना चढून आला तेव्हा त्याच्या पायात चपला नव्हत्या. दवाखान्याच्या दारात काढलेल्या, तिथेच राहिल्या.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, ऑपरेशन आज संध्याकाळच्या आत झालं पाहिजे. आणि दोन बाटल्या हातात असल्याशिवाय टेबलावर घेता येत नाही."

"आणि ओ दिलं तर? अगदीच नाइलाज म्हणून?"

"तर त्या रक्तानंच जाईल ती." तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेकला. "तिला भाऊ नाही. एक बहीण आहे, ती पोटुशी. आई-वडील नाहीत. माझं रक्त ओ पॉझिटिव्ह आहे, मगदूम. लग्न ठरवताना आमची पत्रिका जुळली, गुण जुळले, रक्तगट पण जुळला म्हणून तिची मावशी केवढी खूष झाली होती."

मी त्याला पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं.

ज्या साइटवर आम्ही शोधत होतो ती आमचीच होती. कृष्णाकाठ रक्तदाता मंडळ. दिगंबरने ती एकट्याने बांधली होती आणि ऑफिसात येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने दाखवायचा. घरबसल्या रक्तगट निवडा, गाव निवडा, की दात्यांची नावं आणि फोन समोर. कुणाच्या तरी भाच्याला, कुणाच्या तरी सासऱ्याला त्या साइटवरून रक्त मिळाल्याचं सांगायला लोक यायचे. सर त्यांना चहा पाजायचे आणि दिगंबर संकोचून खाली बघत बसायचा.

मी मंडळाचे सचिव आवटीकाका यांना फोन लावला. शिक्षक होते, निवृत्त झालेले, मोठ्याने बोलायचे.

"बॉम्बे? आहेत की आपल्याकडे! तिघं-चौघं तरी नक्की असतील. मी स्वतः अर्ज भरून घेतलेत त्यांचे."

"काका, साइटवर एकही दिसत नाही."

"असं कसं? मग त्यांनी नावं काढून घेतली असतील. घाबरतात लोक."

"तुमच्याकडं कागदी अर्ज असतील ना?"

"अहो, ते कधीच रद्दीत गेले. तुमचे उपाध्येच म्हणाले, आता सगळं कॉम्प्युटरात आहे, कागद कशाला सांभाळताय."

मग आम्ही रक्तपेढ्यांना फोन लावत सुटलो. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे. काही ठिकाणी तर समोरच्याला गटाचं नावच कळत नव्हतं. "मुंबईतून पाहिजे का तुम्हाला?" असं एकीने विचारलं आणि दिगंबरने फोन माझ्या हातात दिला. मुंबईतल्या एका पेढीत एक बाटली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला पोचली असती. एक बाटली, आणि उद्या सकाळी. आम्हाला दोन हव्या होत्या, आज. खाली तो माणूस एकच तार पिळत होता, आणि मला जिन्यावरून ओरडून त्याला गप्प करावंसं वाटलं.

दिगंबर आतापर्यंत निदान फोन तरी करत होता. मुंबईचं कळल्यावर त्याने हात मांडीवर ठेवले.

"कुणीच कसं नाही," तो म्हणाला. मला नव्हे, भिंतीला. "काका म्हणतात अर्ज भरून घेतले. मग नावं गेली कुठं? नाव काढायचं तर मला कळवावं लागतं. तसं बटणच मी दिलेलं नाही. मला कुणी कळवलं नाही."

"शोधाच्या कोडमध्ये काही घोळ असेल."

"बाकीच्या गटांची नावं येतायत की."

"मग शोध सोडून दे. थेट नोंदींचं टेबल उघड," मी म्हटलं. "रक्तगटाच्या रकान्यात काय काय लिहिलंय आणि प्रत्येक किती वेळा, एवढंच काढ. ती दोन ओळींची क्वेरी आहे ना आपल्या डब्यात."

डबा म्हणजे आमचा मिसळणाचा डबा. ऑफिसच्या सर्व्हरवर त्याच नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात कोडचे लहान लहान तुकडे. तारीख आपल्या पद्धतीने दाखवणारा एक. मोबाइल नंबरात आकडे कमी-जास्त आहेत का बघणारा एक. एकाच माणसाची दोनदा झालेली नोंद हुडकणारा एक. नावापुढची मोकळी जागा खुडून टाकणारा एक. नवी साइट आली की डबा उघडायचा, यातलं चिमूटभर, त्यातलं चमचाभर, की झाली फोडणी. रोज रोज कोण जिरं निवडत बसतो? ही कल्पना दिगंबरची, आणि बहुतेक तुकडेही त्याचेच. त्यांना नावंसुद्धा त्याने घरगुती दिलेली असायची, जुळेशोध, मोकळीखुड, तारीखवळण. कॉलेजात इंग्रजी पुस्तकं घोकून पास झालेल्या आम्हा पोरांना त्या नावांचा केवढा अभिमान वाटायचा.

त्याने क्वेरी टाकली. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने आली. ए, मग एबी, मग बी. पडदा खाली सरकला. शेवटी ओ. पण बी आणि ओ यांच्या मधे आणखी एक शब्द होता.

मुंबई. चार.

मला आधी हसूच आलं. चार येड्यांनी रक्तगटाच्या चौकटीत आपलं गाव लिहिलेलं दिसतंय, असं काहीतरी मी बोललेसुद्धा. वाक्य पुरं व्हायच्या आत माझं लक्ष दिगंबरच्या चेहऱ्याकडे गेलं आणि मी थांबले.

"गावसुधार," तो म्हणाला.

तो डब्यातला त्याचा सगळ्यात लाडका तुकडा होता. लोक पत्ते कसेही लिहायचे. कुणी पूना, कुणी पुणे, कुणी शोलापूर, कुणी सोलापूर, कुणी बॉम्बे, कुणी मुंबई. एकच गाव यादीत दोनदा दिसायचं आणि गिऱ्हाईक तक्रार करायचं. दिगंबरने एक तुकडा लिहिला, तो सगळी जुनी नावं शोधून त्या जागी नवी घालायचा. "मराठी माणसाच्या डेटाबेसात बॉम्बे? शोभतं का?" असं म्हणून त्याने तो आम्हा सगळ्यांना दाखवला होता आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे त्याने तो आणखी हुशार केला. दर वेळी पत्त्याचा रकाना कुठला ते सांगत कशाला बसायचं, म्हणून तो टेबलातले सगळेच रकाने धुंडाळायचा. एकदा एका वधूवर मंडळाच्या साइटवर त्या तुकड्याने कुणा शिंप्याच्या 'बॉम्बे टेलर्स'चं मुंबई टेलर्स करून टाकलं. शिंपी ऑफिसात येऊन भांडून गेला, दुकानाला नाव माझ्या बापानं ठेवलंय, तुम्ही कोण बदलणार म्हणाला. आम्ही त्याचं नाव हाताने दुरुस्त केलं आणि तो गेल्यावर पोट धरधरून हसलो.

रक्तदात्यांच्या साइटवर प्रत्येक नवी नोंद आत जाताना तो तुकडा तिच्यावरून फिरत होता. माणूस आपला गट बॉम्बे लिहायचा आणि आत मुंबई जाऊन पडायची. शोधणारा बॉम्बे शोधायचा, आणि बॉम्बे असं त्या टेबलात कुठे म्हणजे कुठेच शिल्लक नव्हतं.

"मी केलं हे," दिगंबर म्हणाला. "मगदूम, मी माझ्या हातानं..." त्याने कपाळ टेबलावर आपटलं, एकदा, मग परत. की-बोर्ड खाली पडला.

मी त्याची कॉलर धरली. खरोखर धरली. "रडायचं ते नंतर रड," मी ओरडले. "चार नावं आहेत समोर. फोन उचल."

त्याने पहिलाच नंबर दोनदा चुकीचा दाबला. मग फोन मीच केले. पहिला नंबर इचलकरंजीचा, अस्तित्वात नाही म्हणाला. दुसरा माणूस उचलून म्हणाला की त्याने गेल्याच महिन्यात बेळगावला कुणासाठी तरी रक्त दिलं होतं, आता तीन महिने देता येत नाही. तो बिचारा दहा वेळा माफी मागत होता. तिसऱ्या नंबरवर वैजयंता माने नावाची बाई. जयसिंगपूरला घरी शिवणकाम करायची.

"मीच बोलतोय. रक्त पायजे? कुणाला?" मागे मशीन चालू होतं ते थांबलं. "आगं बया. मिरजेला व्हय? आत्ता निघतो की. एवढा एक काजा हुंदे, न्हाई, ऱ्हाऊ दे काजा. निघतोच."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, येतो, जातो, निघतो. त्या 'निघतोच'ने माझ्या अंगात बळ आलं. मी दिगंबरकडे बघून एक बोट वर केलं. त्याने हात जोडले, कुणाला ते माहीत नाही.

शेवटचं नाव त्रिशला चौगुले. गाव शिरोळजवळचं. फोन बराच वेळ वाजला आणि एका पुरुषाने उचलला.

"त्रिशला चौगुले आहेत का?"

तिकडून नुसता दुधाच्या कॅनचा खणखणाट आला.

"हॅलो? त्रिशला चौगुले यांचाच नंबर ना हा?"

"कोण बोलतंय?"

"मिरजेवरून बोलतेय. रक्तदाता मंडळाच्या यादीत त्यांचं नाव आहे. एका पेशंटला त्यांच्या गटाचं रक्त..."

"यादीत नाव हाय?" त्याने विचारलं.

"हो. म्हणून तर फोन केला."

मला वाटलं फोन कट झाला.

"ती न्हाई आता," तो म्हणाला. "मी भाऊ तिचा. भरतेश. कधीपतुर पायजे?"

"संध्याकाळच्या आत. पण तुम्ही..."

"माझा बी त्योच गट हाय. दवाखाना कुठला?"

मी दवाखान्याचं नाव सांगितलं. कशाने गेल्या, कधी गेल्या, हे विचारायला हवं होतं. पण मला दुसरी बाटली मिळाली होती आणि त्यापुढे मला काही सुचत नव्हतं. मी फोन ठेवला तेव्हा उपाध्ये सर दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी गाडीची किल्ली काढली, म्हणाले, "मी बाईंना जयसिंगपूरहून आणतो. त्यांना बसची वाट बघायला लावू नका." मग पडद्यावरच्या त्या एका शब्दाकडे बोट दाखवून माझ्याजवळ हळू आवाजात म्हणाले, "मगदूमबाई, हे दुरुस्त करा आणि इथंच राहू द्या. बाहेर गेलं तर ऑफिस उद्या बंद होईल. आपल्या सगळ्यांच्या चुली बंद होतील."

मी मान हलवली. चारही जागी बॉम्बे परत लिहिलं, गावसुधार त्या साइटवरून काढला, आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

वैजयंताबाई सरांच्या गाडीतून आल्या. ठेंगण्या, गळ्यात टेप तसाच अडकवलेला, पदराला दोऱ्याचे तुकडे. भरतेश मोटारसायकलवरून आला. तिशीतला माणूस, गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजण्याचं काम करायचा, शर्टाला दुधाचा वास येत होता. दिगंबर दोघांच्याही पाया पडायला वाकला. वैजयंताबाईंनी "आगंबाई, उठा" म्हणून त्याला धरला. भरतेश एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "कुठं झोपायचं ते दावा."

रक्त घेतलं, तपासलं, जुळवलं. प्रत्येक गोष्टीला वेळ लागत होता आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की दिगंबर उठून उभा राहायचा. शेवटी जुळलं. रेणुकाला आत नेताना मी तिला एकदाच पाहिलं. तिचे ओठ कागदासारखे झाले होते. दिगंबरने तिच्या पायाला हात लावला, तेवढंच त्याला जमलं.

मग आम्ही पाचजण बाहेरच्या बाकांवर बसलो. सर, दिगंबर, मी, आणि ते दोघे. सिस्टरने दात्यांना चहा-बिस्किटं दिली आणि आता घरी जायला हरकत नाही म्हणाली. कुणी हललं नाही.

"पोरगी कशी हाय ते कळल्याबिगर घरी जाऊन माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाई," वैजयंताबाई म्हणाल्या आणि बिस्कीट चहात बुडवू लागल्या.

भरतेशने चहा घेतला नव्हता. त्याने मला विचारलं, "ताई, तुमी फोनवर म्हणाला यादीत नाव हाय म्हणून. खरंच हाय?"

"आहे."

"मग गेल्या साली का नव्हतं?"

मी सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते.

"तिला ह्योच तरास झाला," तो सांगू लागला. आवाज चढला नाही, उतरला नाही. "दुसरं बाळंतपण. रक्त थांबंना. तिचा गट आमाला ठावंच होता, पहिल्या खेपंला कळालेला. म्हणून तर तिनं नाव दिलतं मंडळात. म्हणायची, दादा, आपल्यासारकी मानसं थोडी हायती, एकमेकाला घावली पायजेत. मी एक बाटली दिली. डॉक्टर म्हणाले आणखी लागंल. तितल्या पोरानं तुमची साइट उघडली. कोण न्हाई. म्हटलं परत बघ. कोण न्हाई. मी म्हणालो, हिचं सोताचं नाव तरी असंल की त्यात. तर ते बी न्हाई. मला वाटलं, अजून श्वास चालू हाय आणि ह्यांनी आधीच पुसलं."

"भरतेश," दिगंबर म्हणाला.

सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कोष्टी, आत्ता नको."

मीसुद्धा मान हलवली, नको म्हणून. आत टेबलावर रेणुका होती आणि तिच्या अंगात या माणसाचं रक्त जात होतं. उद्या सांग, परवा सांग, पत्र लिही, पण आत्ता नको. माझ्या मनात हेच होतं आणि ते मी अजूनही नाकारत नाही.

दिगंबरने सरांचा हात बाजूला केला. तो बाकावरून उतरून भरतेशसमोर फरशीवर बसला, मांडी घालून, अनवाणी.

"नाव होतं," तो म्हणाला. "तुमच्या बहिणीचं नाव होतं, आणि बाकीच्यांचंही होतं. ती साइट मी बनवलीय. मी एक कोड लिहिला होता, गावांची नावं सुधारायचा. बॉम्बे दिसलं की मुंबई करायचा. त्यानं रक्तगटाचं पण मुंबई केलं. म्हणून शोधल्यावर सापडत नव्हतं. आज मला कळलं. आज माझ्या बायकोला लागलं तेव्हा मी आत जाऊन बघितलं. तेव्हा कुणी बघितलं नाही."

भरतेशला लगेच कळलं नाही. ते मला त्याच्या कपाळावरून दिसत होतं. तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणाला, बॉम्बे, मुंबई. मग त्याला कळलं.

"म्हंजे मानसं हुती," तो म्हणाला.

"होती."

"किती?"

"तुमच्या बहिणीला धरून चार."

"म्हंजे तीन." त्याने सावकाश मान वळवली. वैजयंताबाई बशीतला उरलेला चहा पीत होत्या. आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं, पण कोड आणि साइट यातलं त्यांना काही उमगलं नव्हतं. "मावशी," भरतेशने विचारलं, "तुमी कुठल्या?"

"जयसिंगपूर की."

"गेल्या साली, गणपतीच्या आदी, कुठं हुता तुमी?"

वैजयंताबाईंनी बशी खाली ठेवली आणि तोंड पुसलं. "मी व्हय? घरीच की ओ. मी कुठं जातोय मशीन सोडून? का बरं?"

जयसिंगपूर ते शिरोळ म्हणजे मोटारसायकलवर किती वेळ लागतो हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. भरतेशने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. दिगंबर त्याच्या पायाशी मान खाली घालून बसून होता. मला वाटलं आता हा त्याला मारेल, आणि मारलं तर मी मधे पडणार नव्हते.

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं. सिस्टर बाहेर आली, मास्क खाली ओढत.

"रेणुका कोष्टींचं कोण आहे? शुद्धीवर येतायत. नवऱ्याला विचारतायत."

दिगंबर उठलाच नाही. त्याने ऐकलं होतं, पण त्या माणसासमोरून उठायचं त्याचं धाडस होत नव्हतं. सिस्टरने पुन्हा नाव घेतलं. सर उभे राहिले, पण त्यांना आत कोण सोडणार होतं.

भरतेश खाली वाकला. त्याने दिगंबरच्या दंडाला धरलं आणि ओढून उभं केलं.

"जावा," तो म्हणाला. "बोलवायल्यात तुमाला."